गाडी सारकी आसा

परवा फोंड्यातल्या एका गॅरेजवाल्यानं साडेचारशे रुपये मोजून घेतले आणि म्हणाला, "बाब, गाडी सारकी आसा. तुमीच वांकडे बसतात." पन्नाशी उलटल्यावर माणूस पुष्कळ ऐकून घेतो. साखर वाढली म्हणून ऐकतो, पोट सुटलं म्हणून ऐकतो. पण चारचौघांत, भर दुपारी, ऑइलच्या डबक्यात अनवाणी उभं राहून वाकडा ठरायची माझी ही पहिलीच वेळ.

तक्रार साधी होती. चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळापानांचं, सामान घेऊन येताना मी पाण्यानं तुडुंब भरलेल्या एका खड्ड्यात गेलो. सुपारीचा घड वाचला, स्कूटर मात्र तेव्हापासून डावीकडे ओढते. हात जरा सैल सोडला की हँडल निघालं गटाराकडे. गॅरेजवाल्यानं कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, बदलला, पुढची हवा बघितली, शॉकअप दाबून "हूं" केलं. आता चक्कर मारून बघायची, एवढंच राहिलं होतं.

तेवढ्यात पंक्चरची वाट बघत बाकावर बसलेले एक काका म्हणाले, "टो-आउट बघितलास?"

"काका, पुढं चाक एकच आहे."

"स्कूटरचं कोण बोलतोय? मी स्नोमोबाइलचं सांगतोय, बर्फावरच्या गाडीचं. पुढं चाकांच्या जागी दोन स्की, घसरत्या फळ्या, आणि मागं पट्टा."

गोव्यात बर्फ म्हणजे बांगड्यांवर घालतात तो. पण काकांचा मुलगा कॅनडात, क्युबेकला, आणि गेला अख्खा हिवाळा काका तिकडे होते. सून कामावर, नातू शाळेत. काकांनी चार महिने शेजाऱ्याच्या शेडमध्ये काढले. ते ज्ञान घेऊन गृहस्थ मे महिन्यात परतले आणि तेव्हापासून श्रोता शोधत होते.

"चपला काढ."

का काढल्या, मला अजून कळत नाही. काकांनी त्या फरशीवर शेजारी-शेजारी मांडल्या. "ह्या दोन स्की. हँडल सरळ धर रे!" गॅरेजवाल्यानं माझ्या स्कूटरचं हँडल खरंच सरळ धरलं. "दोन्ही अगदी समांतर ठेवल्यास तर गाडी सापासारखी वळवळते. पुढची टोकं मागच्यापेक्षा तीन ते सहा मिलिमीटर बाहेर हवीत. हाच टो-आउट." मोजपट्टी आली. "थांब, आधी टोकांना रबर लाव, म्हणजे सांध्यातली ढिलाई निघते." रबर माझ्या केळ्याच्या वेफर्सच्या पुडीचा घेतला. पुडी उघडी पडली, तेव्हा वेफर्सही वाटले गेले.

मग खुंटीवरचा स्कूटरचा जुना बेल्ट खाली आला. हा ट्रॅक, म्हणजे मागचा पट्टा. मध्ये वजन टांगलं की इंच-सव्वा इंच झोळ पडायला हवा. फार ढिला सोडला तर दातांवरून उड्या मारतो, फार आवळला तर गाडी कण्हते. मागचे दोन बोल्ट सारखे नसतील तर पट्टा ढिल्या बाजूला सरकतो. "हें बरें," असं म्हणत गॅरेजवाला खाली मांडी घालून बसला. माझी स्कूटर स्टँडवर, तिचं पुढचं झाकण उघडं, आणि तिचा डॉक्टर एका चपलेचा टो-आउट मोजतोय!

"आणि बर्फ नसला तर?" एका पोरानं विचारलं. प्रश्न रास्त होता, मलाही पडला होता.

"तर पट्ट्याच्या आतल्या प्लास्टिकच्या पट्ट्या तापून वितळतात. बर्फच त्यांचं वंगण."

म्हणजे हे यंत्र कुर्टीच्या नाक्यापर्यंतसुद्धा गेलं नसतं. हे बोलून दाखवावं असं एकालाही वाटलं नाही.

आणि मग घात झाला. स्कीच्या तळाला कार्बाइडच्या सळ्या असतात, त्या झिजल्या की हँडल कितीही फिरवा, गाडी सरळच जाते, हे दाखवायला काकांनी माझी डावी चप्पल उलटी केली. थबकले. चष्मा वर केला. "ही बाहेरची कड बघ."

झिजली होती. उजवी कोरीच्या कोरी. सगळ्यांनी आधी चपलेकडे, मग माझ्याकडे बघितलं. "स्नोमोबाइलवर माणूस वळणाकडे झुकतो, अंगानं गाडी वळवतो," काका हलक्या आवाजात म्हणाले, डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात तसे. "तू सरळ रस्त्यावरच झुकतोस." गॅरेजवाल्यानं लगेच निकाल दिला, तो वर आलाच आहे. खड्ड्याचं नाव कुणी काढलं नाही. चतुर्थीआधी बुजवणार, असं दर वर्षी ऐकतो. बुजवतातही, मातीनं. पहिल्या सरीला ती माती माझ्या पँटवर येते.

पंक्चरचा पोरगा जेवायला गेलेला, म्हणून काका माझ्याच मागे बसले, म्हार्दोळपर्यंत. वाटेत क्युबेकच्याच बोंबार्डिए नावाच्या मेकॅनिकची गोष्ट. 1934 च्या हिवाळ्यात रस्ते बर्फानं बंद, आजारी मुलाला इस्पितळात नेता आलं नाही, दोन वर्षांचं पोर गेलं. त्या माणसानं 1937 मध्ये बर्फावर चालणाऱ्या पट्ट्याचं पेटंट घेतलं, आणि 1959 मध्ये स्की-डू नावाची स्नोमोबाइल आणली. मी गप्प झालो. रस्ता बंद म्हणून एकानं यंत्र काढलं. आमच्याकडे रस्ता बंद नसतो, फक्त दर सहा महिन्यांनी खणलेला असतो, आणि आम्ही कोनसेट बदलतो.

"पुढं सरक," काका मागून ओरडले, "स्कीवर वजन दे! मागं भार पडला की हँडल हलकं होतं."

मागचा भार तेच होते. हँडल हलकं झालं, स्कूटर डावीकडे ओढली आणि तोच खड्डा, तेच पाणी. ह्या वेळी डावी चप्पल आत राहिली.

काका उतरले, धोतर झटकलं, आणि पाण्यात हात घालून चाचपडणाऱ्या माझ्याकडे बघत म्हणाले, "तिकडे बरं रे. बर्फ पडला की खड्डे आपोआप भरतात."