भूत कधी येणार?

रविवारी रात्री आम्ही 'तोकाइदो योत्सुया काइदान' या काबुकी, म्हणजे जपानी पारंपरिक शैलीतल्या, नाटकाचं रेकॉर्डिंग बघत बसलो होतो. जपानमधली सगळ्यात गाजलेली भुताची गोष्ट. खालच्या इंग्रजी ओळी वाचून डोळे शिणले, तासभर झाला, तसा नवरा वैतागून म्हणाला, "अगं, भूत कधी येणार?"

मी मात्र पाय पोटाशी घेऊन बसले होते. कारण समोर मच्छरदाणी चालली होती.

ओइवा नुकतीच बाळंत झालीय. नवरा इएमोन, धनी गमावलेला सामुराई, छत्र्या बनवून पोट भरतो आणि सगळा राग हिच्यावर काढतो. शेजारच्या श्रीमंत घरातल्या नातीला हाच नवरा हवाय, म्हणून त्यांनी ओइवाला बाळंतिणीचं औषध म्हणून विष पाठवलंय. ती ते कृतज्ञतेनं, कणही वाया न घालवता घेते. चेहरा विद्रूप होतो. घरात दिसतो सगळ्यांना, कळत नाही फक्त तिला. नवऱ्याला नव्या लग्नासाठी पैसे हवेत. तो हिचे कपडे घेतो आणि मग मच्छरदाणी ओढतो. बाळाला डास फोडून काढतील म्हणून ती जाळी सोडत नाही. तो हिसडा मारतो आणि तिची नखं निघून येतात.

इथपर्यंत एकही भूत आलेलं नाही. एक घर आहे, नवरा आहे, आणि गहाण टाकायच्या वस्तू आहेत. वर तो मालिशवाल्याला सांगून ठेवतो, हिच्याशी लगट कर, म्हणजे बदफैली ठरवून हिला हाकलता येईल.

त्सुरुया नानबोकूनं हे 1825 मध्ये लिहिलं. एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, नाकामुरा-झा थिएटरात पहिल्यांदा झालं तेव्हा ते एकटं नव्हतं. धन्यासाठी प्राण देणाऱ्या 47 सामुराईंच्या 'चुशिनगुरा'सोबत, दोन दिवसांत वाटून, आलटून पालटून. एका बाजूला निष्ठेचे पोवाडे, दुसऱ्या बाजूला त्याच घराण्याच्या पदरी पूर्वी असलेला इएमोन घरी काय करतो ते. नानबोकूला स्त्रीवादी वगैरे ठरवायची मला हौस नाही, तो धंद्यानं लोकांना घाबरवणारा माणूस. पण ही जोडणी बघून टाळी द्यावीशी वाटते.

आणि तो केस विंचरण्याचा प्रसंग. आरशात चेहरा बघितल्यावर ओइवा शेजाऱ्यांना जाब विचारायला निघते. पण निघण्याआधी दात काळे करते. ती सवाष्णीची खूण, आपल्याकडे जुन्या बायका दातवण लावायच्या तशी. मग केस विंचरायला घेते. फणीबरोबर झुबकेच्या झुबके हातात येतात, रक्त ठिबकतं. एवढं सगळं झाल्यावरही बाई चारचौघांत जाताना नीटनेटकी हवी! यापेक्षा जळजळीत टीका मला भाषणात ऐकायला मिळालेली नाही.

गंमत म्हणजे हे सगळं करतो पुरुष. 1629 मध्ये बायकांना काबुकीतून हाकललं, ते आजही मुख्य काबुकीत ओइवा पुरुषच होतो. बालगंधर्वांचं कौतुक करणाऱ्या आपण यावर फार बोलू नये.

"दोनशे वर्षांपूर्वीचं आहे" हे ऐकवू नका. जपानच्या कायद्यात आजही नवरा-बायकोला एकच आडनाव लागतं आणि 90 टक्क्यांहून अधिक जोडप्यांत ते नवऱ्याचंच असतं. 2015 आणि 2021, दोन्ही वेळा सर्वोच्च न्यायालयानं तो नियम घटनेत बसतो म्हणून सांगितलं. 2018 मध्ये टोकियोच्या एका वैद्यकीय विद्यापीठात मुलींचे प्रवेशपरीक्षेतले गुण मुद्दाम कापल्याचं उघड झालं. का, तर पुढे लग्न-बाळंतपण झालं की त्या काम सोडतील. म्हणजे पुन्हा बाळंतीणच! 2025 च्या जागतिक लिंगभेद निर्देशांकात जपान 148 देशांत 118 वा. आपण 131 वे, तेव्हा हसू नका.

शेवटी जळत्या कंदिलातून ओइवा बाहेर आली, हातात बाळ. माझ्या नवऱ्यानं दचकून उशी पोटाशी धरली. "आलं बघ," म्हणाला.

मला तेव्हा खरंच हायसं वाटलं.