बढती इंग्रजीवर अडत नाही, अफवेवर अडते

'कॉल सेंटरमध्ये पुढे जातात ते फक्त इंग्रजी माध्यमवाले' हे कॉल सेंटरच्या नोकरीवरच्या लेखातलं वाक्य मला पटलं नाही. मी कागलच्या मराठी शाळेतली. पुण्यात सहा वर्षं रात्रपाळी केली, अमेरिकेचे कॉल घेतले. उच्चार तीन-चार महिन्यांत सुधारतात. क्वालिटीत, म्हणजे इतरांचे कॉल तपासणाऱ्या विभागात, जागा निघाली तेव्हा माझी निवड झाली ती चिडलेल्या ग्राहकाचं शेवटपर्यंत ऐकून घेते म्हणून, आणि कॉलनंतरच्या नोंदी चोख होत्या म्हणून. पुढे टीम लीडर झाले.

खरं नुकसान अफवांनी होतं, आणि त्यावर लेखात एक ओळ नाही. 'प्रोसेस बंद होणार', म्हणजे ज्या कंपनीचे कॉल आम्ही घेत होतो तिचं काम थांबणार, अशी कुजबुज कँटीनमध्ये सुरू झाली आणि आमच्या बॅचमधल्या चौघांनी नोटीस न देताच काम सोडलं. दोघं तर आपल्या कोल्हापूरचीच पोरं. प्रोसेस पुढे दोन वर्षं चालली. यांच्या हाती रिलीव्हिंग लेटर, म्हणजे रीतसर नोकरी सोडल्याचं कंपनीचं पत्र, नाही, पीएफचा घोळ वेगळाच, आणि पुढच्या मुलाखतीत पहिला प्रश्न त्याचाच. कोल्हापुरात राजारामपुरीत क्लास लावून पुण्याला निघालेल्या पोरापोरींनो, असं काही कानावर आलं तर आधी एचआरला मेल करून लेखी विचारा. तोवर राजीनामा लिहू नका.