दंड, कुंपण आणि लपवलेले पत्ते: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एवढी सविस्तर आणि रोखठोक प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. अमेरिकेच्या नैऋत्य भागातली मूळनिवासींची प्राचीन स्थळं लोकांना शिकवून आणि जमातींचं ऐकून जपावीत, या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप तीन: प्रबोधनाने चोर सुधारत नाहीत, त्यापेक्षा कुंपण घाला आणि जबर दंड ठोका, वारसा सगळ्या मानवजातीचा आहे, तर होपी-झुनी या तिथल्या मूळनिवासी जमातींचं वेगळं का ऐकायचं, आणि लोकांना शिकवा म्हणणारेच स्थळांचे पत्ते का लपवतात?

दंड आहेच की. सरकारी किंवा जमातींच्या जमिनीवरून पुरातन वस्तू विनापरवाना उकरून नेल्यास १९७९च्या कायद्याने दंडही होतो आणि तुरुंगही. पण कायद्याचं काम सुरू होतं तेव्हा थडगं उकरून झालेलं असतं. राहिलं कुंपण. युटा राज्यातलं बेअर्स इअर्स हे एकच संरक्षित क्षेत्र सुमारे ५,५०० चौरस किलोमीटर आहे, सगळ्या दऱ्याखोऱ्या. कुठे कुठे घालणार?

शिवाय नुकसान करणारा प्रत्येक जण चोर नसतो. एप्रिल २०२१मध्ये युटात मोआबच्या परिसरात एका गिर्यारोहकाने कातळशिल्पांवरच भोकं पाडून बोल्ट ठोकले. ती अलीकडची खरडाखरडी वाटली, असं त्याचं म्हणणं. त्याच महिन्यात तिथल्याच ‘बर्थिंग रॉक’ या कातळशिल्पांच्या खडकावर कुणीतरी वंशद्वेषी मजकूर खरवडला. या दुसऱ्यासाठी तुमचा दंड मला शंभर टक्के मान्य. पहिल्याला मात्र कुणीतरी आधी दगड वाचायला शिकवायला हवं होतं.

याहून साधं उदाहरण खापऱ्यांचं. पर्यटक आजूबाजूच्या नक्षीदार खापऱ्या गोळा करतात आणि एखाद्या सपाट दगडावर हारीने मांडून ठेवतात. चोरी नाही, उलट पुढच्याला नीट दिसावं ही भावना. पण ती खापरी कोणत्या भिंतीपाशी, कोणत्या उतारावर, कशाच्या शेजारी पडली होती, यातच तिची निम्मी माहिती होती. ती गेली, आणि चमकदार तुकडे एका जागी मांडलेले दिसल्यावर खिशात घालणाराही सापडतो. यावर कुठलं कुंपण चालेल, सांगा.

ॲरिझोनातले साइट स्टुअर्ड म्हणजे प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक. नेमून दिलेल्या स्थळावर ते वरचेवर जातात, फोटो काढतात, ताजा खड्डा किंवा नवी पायवाट दिसली की कळवतात. चोराला अडवायला जायचं नाही, हा नियमच. तुम्ही याला ‘हौशी लोकांची सहल’ म्हणालात. पण आधी काय होतं याची नोंदच नसेल, तर किती नुकसान झालं हे कोर्टात दाखवणार कसं?

आता ‘वारसा सगळ्यांचा’. ऐकायला छान वाटतं, पण याच नावाखाली बरंच काही उचललं गेलं. १८९१मध्ये गुस्ताफ नॉर्डेनशॉल्ड या तरुणाने कोलोरॅडोतल्या मेसा व्हर्डे या प्राचीन वस्तीतून वस्तूंबरोबर माणसांचे अवशेषही युरोपला नेले. अटक झाली होती, पण अडवणारा कायदाच नव्हता, म्हणून सुटला. संग्रह फिनलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात पोचला. त्यातले मानवी अवशेष आणि दफनातल्या वस्तू संबंधित जमातींकडे परत आल्या थेट २०२०मध्ये. माणसं पुरलेली ज्यांची, त्यांनाच विचारायचं नाही?

आणि नुसत्या कायद्यावर विसंबायचं तर ऑस्ट्रेलियातली जूकन दरी बघा. माणसाच्या वावराच्या ४६,००० वर्षांच्या खुणा असलेले शैलाश्रय (खडकातले नैसर्गिक आसरे) मे २०२०मध्ये रिओ टिंटो या खाणकंपनीने लोहखनिजासाठी सुरुंग लावून उडवले. सरकारी परवानगी २०१३चीच होती. २०१४च्या उत्खननात तिथे माणसाच्या केसांची, सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची वेणी सापडली आणि डीएनएवरून तिचं नातं तिथल्याच आजच्या पुटु कुंती कुर्रामा व पिनिकुरा या मूळनिवासी लोकांशी जुळलं. तरी परवानगी कायम! कंपनीच्या प्रमुखांना पद सोडावं लागलं, ते उडवून झाल्यावर.

पत्ते लपवणं ही माझी लहर नव्हे. वर सांगितलेल्या १९७९च्या कायद्यातच स्थळांची ठिकाणं उघड न करण्याचं कलम आहे. शिकवणं म्हणजे प्रत्येक गुहेचं लोकेशन वाटणं नव्हे. फोटोला जागेचा पत्ता जोडणारा एक जिओटॅग पडला की जिथे वाट नव्हती तिथे वाट पडते.

तेव्हा लेखातल्या फोटोतली जागा सांगणार नाही, राग मानू नका. खरंच जायचं असेल तर आधी युटातल्या ब्लँडिंगचं ‘एज ऑफ द सीडर्स’ संग्रहालय बघा, मग बटलर वॉश. तिथे आखलेली वाट आहे, माहितीफलक आहेत, आणि दरीपलीकडची कड्यातली घरं अलीकडूनच दिसतात. दुर्बीण मात्र सोबत न्या.