'मुलांना बघू द्या, कणखर होतात' हे साफ खोटं आहे

महिन्यापूर्वी विक्रोळीत आमच्या चाळीखाली कोयता चालला. सातवीतल्या पुतण्यानं गॅलरीतून सगळं पाहिलं. त्याला समुपदेशकाकडे नेऊ या, असं मी सारखी म्हणतेय. त्यावर काल वहिनीनं घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. त्याचं म्हणणं असं: मुंबईकराला हिंसेची सवय झालीय, म्हणून तो दुसऱ्या दिवशी कामावर जातो, सवय झाली की मनाला काही होत नाही, आणि मुलांनी हे लवकर आणि वारंवार पाहावं, कणखर होतात.

पहिला मुद्दा. 11 जुलै 2006 ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, 180 हून जास्त माणसं गेली आणि दुसऱ्या दिवशी लोक गाडीत चढले, हे खरं. खाडा परवडत नव्हता म्हणून चढले! माझे मामाही चढले. पण रिटायर होईपर्यंत त्यांनी फर्स्ट क्लासच्या डब्यात पाय ठेवला नाही, आणि सीटखाली वाकून पाहिल्याशिवाय ते कुठे टेकले नाहीत. मनाला काही झालं नाही म्हणता?

एवढं मान्य करते की आघातानंतर बरीचशी माणसं आपोआप सावरतात. पण सावरणं वेगळं, बधिर होणं वेगळं.

आता मुलांचं. हे वाचून माझं डोकंच फिरलं. अमेरिकेतल्या बर्मिंगहॅममध्ये सुमारे 700 मुलांकडे अकरा, तेरा आणि अठराव्या वर्षी संशोधक पुन्हा पुन्हा गेले. सिल्वी म्रग आणि सहकाऱ्यांनी ते 2016 मध्ये प्रसिद्ध केलं. अकराव्या वर्षी ज्यांच्या वाट्याला खूपच हिंसा आली होती, ती मुलं तेराव्या वर्षी उलट कमी उदास, कमी घाबरलेली दिसली. फॉरवर्डच्या भाषेत, कणखर झाली. आणि मनानं अशी बोथट झालेली मुलंच अठराव्या वर्षी जास्त हिंसक वागताना आढळली. आमच्या पोरानं एकदाच पाहिलंय. फॉरवर्ड तर वारंवार दाखवा म्हणतो!

वहिनी म्हणते, तो आता घाबरत नाही. परवा खाली पुन्हा आरडाओरडा झाला तेव्हा तो जेवत होता. त्यानं ताटातून मान वर केली नाही. तिला ते बरं वाटलं, माझ्या पोटात गोळा आला.

14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी आजच लावणार आहे. वहिनी, तू शेजारी बस.