कॅलिब्रेशनला वेळ देता येत नसेल तर आकडेही मागू नका

परत तेच. नव्या फील्ड कॅम्पेनचं, म्हणजे जागेवर जाऊन हवा मोजायच्या मोहिमेचं, वेळापत्रक आलंय. त्यात फिल्टर कोणी कधी बदलायचे ते आहे, मीटिंग किती वाजता ते आहे, पाहुण्यांना साइट दाखवायची वेळसुद्धा आहे. एएमएसच्या, म्हणजे हवेतले बारीक कण कशाचे आणि किती ते मोजणाऱ्या एरोसोल मास स्पेक्ट्रोमीटरच्या, कॅलिब्रेशनची (माहीत असलेल्या नमुन्यावर मशीन तपासून घेण्याची) एक ओळ नाही. विचारलं तर ठरलेलं उत्तर: "अगं, ते मधे कधीतरी उरकून घे ना." मधे म्हणजे कधी? आणि उरकून घे म्हणजे काय? फरशी पुसायचंय का मला?

हा राग एका वेळापत्रकाचा नाही. एरोसोल मास स्पेक्ट्रोमीटर चालवणाऱ्या कुणालाही विचारा, प्रत्येकाच्या वाट्याला हेच आलेलं असतं. डेटा सगळ्यांना हवा, तोही सलग, एक तासाचं भोक न पडता. तो डेटा खरा कशामुळे ठरतो, याच्याशी मात्र कुणाला देणंघेणं नाही.

स्क्रीनवर पाच रेषा दिसतात. हिरवी ऑरगॅनिक, लाल सल्फेट, निळी नायट्रेट, केशरी अमोनियम, गुलाबी क्लोराइड. खाली लिहिलेलं असतं मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. म्हणून लोकांना वाटतं की मशीन मायक्रोग्रॅम मोजतं. नाही मोजत! मशीन आयन मोजतं. १०० मायक्रॉनच्या भोकातून हवा आत जाते, लेन्समधून कणांचा बारीक झोत होतो, तो व्हॅक्यूममधून जाऊन सुमारे ६०० अंशांवर तापलेल्या टंगस्टनच्या व्हेपोरायझरवर आदळतो, वाफ होते, त्या वाफेवर ७० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या इलेक्ट्रॉनांचा मारा होतो आणि एक कोटी रेणूंमागे जेमतेम चार-दोन आयन डिटेक्टरपर्यंत पोचतात. त्या चार-दोन आयनांवरून एक कोटी रेणूंचा हिशोब मांडायचा असतो. तो मांडणारा आकडा म्हणजे आयनायझेशन एफिशियन्सी, आयई. हा आकडा मशीनच्या पाठीवर छापलेला नसतो. फिलामेंट (इलेक्ट्रॉन सोडणारी तार) बदललं की तो बदलतो, ट्यूनिंगला हात लावला की बदलतो, व्हॅक्यूम गेला की बदलतो, आणि काहीच केलं नाही तरी हळूहळू सरकतो. तो पुन्हा पुन्हा मोजावाच लागतो. दगड न तपासता तराजूवर माल मोजत राहायचं आणि वर पावती फाडायची, याला माझ्या मते फसवणूक म्हणतात.

आता हे "उरकणं" कसं असतं ते ऐका. अमोनियम नायट्रेटचं पातळ द्रावण करायचं, ॲटोमायझरमधून फवारायचं, थेंब ड्रायरमधून नीट सुकवायचे. मग डीएमएमधून फक्त ३०० नॅनोमीटरचे कण निवडायचे आणि झोत दोन नळ्यांत विभागायचा: एक एएमएसकडे, दुसरी कण मोजणाऱ्या सीपीसीकडे. दोन्ही नळ्यांत कण सारखेच हरवले पाहिजेत, म्हणून लांबी आणि फ्लो बघून नळ्या कापायच्या. ३०० नॅनोमीटरच्या एका कणात अमोनियम नायट्रेटचे सुमारे १५ कोटी रेणू असतात. सीपीसी कण मोजतो, एएमएस आयन मोजतं, भागाकार केला की आयई. कागदावर एवढंच.

प्रत्यक्षात डीएमए कणाचा आकार थेट बघत नाही, विद्युतक्षेत्रात तो किती सरकतो ते बघतो. दोन विद्युतभार घेतलेला, ५०० नॅनोमीटरच्या वरचा कणही त्याच खिडकीतून बाहेर येतो. सीपीसी त्याला एकच कण म्हणतो, पण त्याचं वजन जवळजवळ पाचपट असतं. असे थोडे जरी घुसले तरी आयई फुगतो आणि त्यानंतरची सगळी मापं कमी येतात. म्हणून द्रावण आणखी पातळ करायचं, कण वाढलेत का बघायचं, एकेका कणाचा प्रवासवेळ घेऊन आलेख काढायचा. त्यात मोठा उंचवटा एकभारवाल्यांचा, त्याच्या उजवीकडे छोटासा दुसरा. तो दुसरा उंचवटा वेगळा काढेपर्यंत आकडा लिहायचा नसतो. याला वेळ लागतो. आणि नेमका याच वेळी खांद्यावरून आवाज येतो: "झालं का? डेटा कधी सुरू करतेस?"

त्यात डीएमए आणि सीपीसी आमचे नाहीतच. ते कणांचे आकार मोजणाऱ्या गटाचे, त्यांच्या एसएमपीएस या आकार मोजणाऱ्या उपकरणात बसवलेले. कॅलिब्रेशन करायचं तर त्यांचं मोजमाप थांबवून ते सोडवून आणायचे. दर वेळी भिकाऱ्यासारखं दारात उभं राहायचं. "आज नको गं, आज छान इव्हेंट चाललाय." उद्याही छान इव्हेंट असतो. परवा पाऊस असतो, म्हणून नको. शेवटी मिळतात ते संध्याकाळी, आणि सोबत तंबी की तासाभरात परत हवेत. एवढ्या किमतीचं मशीन विकत घेता, कंटेनरमध्ये बसवता, आणि ते ज्याच्याशिवाय आंधळं आहे तो डीएमए आणि सीपीसी बजेटमध्ये धरत नाही? मग पैसे कशाला खर्च केलेत?

यावर एक युक्तिवाद हमखास येतो: "एअरबीम करेक्शन आहेच की." हो, आहे. हवेतल्या नायट्रोजनचा २८ या वस्तुमानावरचा सिग्नल सतत दिसत असतो, डिटेक्टर थकत गेला की तो घसरतो, त्या प्रमाणात कणांचा सिग्नल दुरुस्त करता येतो. पण ती दुरुस्ती एका गृहीतकावर उभी आहे: आयई आणि एअरबीम यांचं गुणोत्तर स्थिर आहे. ते स्थिर आहे की नाही, हे कळण्याचा एकमेव मार्ग कोणता? कॅलिब्रेशन! हे चौथ्यांदा सांगितल्यावरही समोरचा मान डोलावतो आणि पुढच्या आठवड्यात तेच वाक्य पुन्हा फेकतो, तेव्हा माझं डोकं फिरतं.

वेळ कापायचा झाला की पहिली कुऱ्हाड अमोनियम सल्फेटच्या वेगळ्या कॅलिब्रेशनवर पडते. "नायट्रेट केलंस ना, बास झालं. सल्फेटला डिफॉल्ट घे." डिफॉल्ट म्हणजे नायट्रेटच्या तुलनेतली सापेक्ष एफिशियन्सी सल्फेटसाठी १.२ आणि अमोनियमसाठी ४. पण ती प्रत्येक मशीनची वेगळी निघते. तुमच्या मशीनचा अमोनियमचा खरा आकडा ५ असेल आणि तुम्ही ४ धरलात, तर अमोनियम सरळ २५ टक्के जास्त दिसणार. मग अमोनियम आणि सल्फेटचा ताळा मांडून कोणीतरी कण आम्लधर्मी आहेत की नाहीत यावर भाषण ठोकणार, स्लाइडवर बाण काढणार. तो सगळा निष्कर्ष एका न केलेल्या मापावर उभा! अमोनियमचा आकडा तर नायट्रेटच्या कॅलिब्रेशनमधूनच फुकट मिळतो, तोसुद्धा कोणी काढून बघत नाही.

शून्य तपासायलाही विरोध. इनलेटला कण गाळणारा हेपा फिल्टर लावायचा, आत फक्त वायू जाऊ द्यायचे, आणि ऑरगॅनिक खरंच शून्यावर येतं का ते बघायचं. हवेतला कार्बन डायऑक्साइड ४४ वर सिग्नल देतो, कणांतल्या ऑक्सिडाइझ्ड ऑरगॅनिकचा महत्त्वाचा तुकडाही ४४ वरच. वायूचा वाटा नीट वजा केला नाही, तर कण आहेत त्यापेक्षा जास्त जुनाट, जास्त ऑक्सिडाइझ्ड दिसतात. भरीला २०१६ मध्ये पीबर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की नायट्रेटमुळे तापलेल्या व्हेपोरायझरवरूनच कार्बन डायऑक्साइडचा सिग्नल निघतो, आणि तो प्रत्येक मशीनचा वेगळा. हे तपासायची आयती संधी म्हणजे शुद्ध अमोनियम नायट्रेटचं कॅलिब्रेशन. म्हणजे पुन्हा तेच काम, जे तुम्ही मला करू देत नाही. फिल्टर लावला की मात्र लाइव्ह आलेख बघणाऱ्याचा लगेच फोन: "रेषा खाली का गेल्या? मशीन बंद पडलं का?" बंद नाही पडलं! मी ते तपासतेय!

वीज गेली तर विचारूच नका. टर्बो पंप थांबतात, व्हॅक्यूम जातो, आत दमट हवा शिरते. वीज आल्यावर पंप फिरायला लागले की लोकांच्या दृष्टीने सगळं पूर्ववत. १८ वरचं पाण्याचं बॅकग्राउंड किती वर बसलंय, ते उतरायला किती वेळ लागेल, याच्याशी त्यांना काय! व्हॅक्यूम गेल्यानंतर कॅलिब्रेशन नव्याने करायलाच हवं, हे मी लॉगबुकात लाल शाईने लिहिलंय. खाली दुसऱ्याच्या अक्षरात: "सकाळपासून डेटा सुरू." पंपांना बॅटरी बॅकअप हवा म्हणून मेल लिहून मी थकले, तो अजून आलेला नाही.

आणि आता ज्यामुळे माझं रक्त खरोखर उकळतं ते. कॅम्पेन संपते, सगळे घरी जातात, आणि मग तुलनेचा आलेख निघतो. एएमएसची बेरीज आणि ब्लॅक कार्बन, म्हणजे काजळी, एका बाजूला, एसएमपीएसच्या आकारमानावरून काढलेलं वस्तुमान दुसऱ्या बाजूला. जुळत नाही. आणि मग ते वाक्य येतं: "सीई थोडी बदल ना, बसेल बरोबर."

सीई म्हणजे कलेक्शन एफिशियन्सी. कोरडे, घट्ट कण व्हेपोरायझरवर आदळून उडून जातात, वाफ न होता निसटतात, म्हणून नेहमीच्या व्हेपोरायझरसाठी साधारण ०.५ धरतात. नायट्रेटचं प्रमाण जास्त असलं, कण जास्त आम्लधर्मी असले किंवा झोत फार दमट असला की ती वाढते. २०१२ मध्ये मिडलब्रुक आणि सहकाऱ्यांनी कणांच्या घटकांवरून ती कशी काढायची याची पद्धत दिली. त्यामागे भौतिकशास्त्र आहे. ते हवं तसं फिरवायचं बटण नाही. आयई चुकला असेल, भोकात कचरा अडकून फ्लो घसरला असेल, लेन्सचा झोत व्हेपोरायझरच्या मधोमध पडत नसेल, तर या सगळ्या चुका तुम्ही सीईच्या पोटात ढकलता आणि वर लिहिता की दोन उपकरणांत उत्तम मेळ बसला. अहो, मेळ बसला नाही, तुम्ही तो बसवला! दोन स्वतंत्र मापं होती, आता एकच उरलंय. आणि एसएमपीएसचा फ्लो तरी कोणी तपासला होता का? घनता कोणती धरली होती? ते कोणी विचारत नाही. चूक नेहमी एएमएसची.

मोठ्या मेहनतीने केलेल्या कॅलिब्रेशनमध्येही या उपकरणाच्या एकूण वस्तुमानातली अनिश्चितता ३० ते ४० टक्क्यांच्या घरात धरली जाते. इतकं सगळं नीट केल्यावर! मग न करता किती असेल? पेपरमध्ये मात्र एकच ओळ पडते, "उपकरणाचं नियमित कॅलिब्रेशन करण्यात आलं." नियमित? कोणत्या तारखेला, कोणत्या आकड्याने, फिलामेंट बदलण्याच्या आधी की नंतर?

तर माझं म्हणणं सरळ आहे. सुरुवातीला एक, शेवटी एक, मधे दर आठवड्याला एक, आणि फिलामेंट, ट्यूनिंग किंवा व्हॅक्यूमला धक्का लागला की लगेच एक, एवढी पूर्ण कॅलिब्रेशनं वेळापत्रकात छापून हवीत, नायट्रेट आणि सल्फेट दोन्हीची. डीएमए आणि सीपीसी आमच्या कंटेनरमध्ये, आमच्या ताब्यात हवेत. नाही दिलं तर मी मशीन चालवीन, डेटा फाइलही देईन. पण आलेख जुळावा म्हणून कोणी सीई बदलायला लावली, तर फाइलच्या पहिल्याच ओळीत ठळक लिहीन: या काळात कॅलिब्रेशन झालेलं नाही, सीईचा आकडा एसएमपीएसशी जुळवून घेतलेला आहे, सूचना कोणाची तेही खाली दिलं आहे.