दहिसर नदीला नुसता गाळ काढून भागणार नाही

मुंबईच्या उत्तरेकडच्या दहिसर नदीच्या पुरावरचा लेख वाचला. 'पावसाळ्याआधी गाळ नीट काढला की दहिसर नदीचा पूर आटोक्यात येतो' हे त्यातलं विधान अर्धंच खरं आहे. नदी बोरिवलीच्या संजय गांधी नॅशनल पार्कच्या डोंगरातून झपाट्याने उतरते, पण मनोरीच्या खाडीकडे जाताना जमीन जवळपास सपाट होते. साडेचार मीटरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, की खाडी पाणी घेतच नाही. तिथे पात्र आणखी दोन फूट खणलं, तरी त्या खड्ड्यात आधी भरतीचंच पाणी भरणार. पूर जिरवायला जागा वाढतच नाही.

संरक्षक भिंतींबद्दल तर लेखात अवाक्षर नाही! सरळसोट भिंतीमुळे पाण्याला बाजूला पसरता येत नाही, मग पातळी चढते. भिंतीतून नदीत सोडलेल्या गटारांच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणारी झडप नसेल, तर नदीचं पाणी उलटं गल्लीत शिरतं. झडप असली तरी एखादी प्लास्टिकची पिशवी अडकली की ती अर्धवट उघडी राहते. आणि काढलेला गाळ काठावरच सुकत ठेवला, तर पहिल्या मोठ्या सरीत नदीकाठच्या तबेल्यांच्या शेणासकट पुन्हा पात्रात. तो लगेच उचलायलाच हवा.