सीमेवरचे संतपद: इच्छुकांसाठी काही सूचना

दूर देशीच्या आदिवासींमध्ये जाऊन त्यांचा उद्धार करण्याची तळमळ आपल्याला लागली असेल, तर आदर्श मात्र किरकोळ माणसाचा ठेवू नये. ख्रिस्ती धर्मातल्या फ्रान्सिस्कन पंथाचे फादर हुनिपेरो सेरा यांनाच डोळ्यांसमोर ठेवावे. 1713 साली माजोर्का बेटावर जन्मलेले आणि पाल्मा येथे धर्मशास्त्राचे प्राध्यापक म्हणून मानाने स्थिरावलेले हे गृहस्थ पस्तिशी उलटल्यावर सगळे सोडून मेक्सिकोला गेले आणि 1769 मध्ये स्पेनच्या साम्राज्याच्या पार टोकाला, कॅलिफोर्नियात, येऊन पोहोचले. त्यांच्या त्यागाकडे बोट दाखवायला जागा नाही, हे आधीच मान्य करून टाकलेले बरे; उपरोध लिहिणाऱ्याची त्यामुळे पंचाईत होते, पण इलाज नाही.

प्रथम देहाकडे वळावे. तो झिजवावा, आणि शक्यतो चारचौघांदेखत झिजवावा. सेरा प्रवचन करताना दगडाने छाती बडवून घेत आणि साखळीने स्वतःला फटके मारत. वेराक्रूझहून मेक्सिको शहराकडे पायी जाताना किडा चावून सुजलेला त्यांचा पाय जन्मभर दुखत राहिला. कॅलिफोर्नियाच्या वाटेवर उभे राहणेही अशक्य झाले, तेव्हा त्यांनी खेचरे हाकणाऱ्याला बोलावले आणि खेचराच्या जखमेला जे लावतोस तेच मला लाव, असे सांगितले. त्याने दोन दगडांमध्ये चरबी कुटली, रानातला पाला त्यात मिसळून ते तापवले आणि पायावर थापले. दुसऱ्या दिवशी सेरा पुढच्या मजलेला तयार. स्वतःच्या कातड्याची एवढीही पर्वा न करणाऱ्या माणसाला, फटक्यांनी इतरांना दुखते, हे पटवून देणे किती अवघड असेल, याचा विचार आपणच करावा.

मुक्कामी पोहोचल्यावर घंटा वाजवावी. ऐकायला कोणी असलेच पाहिजे असे नाही. 1771 मध्ये सान अँटोनियो मिशनच्या, म्हणजे आदिवासींना ख्रिस्ती करून वसवण्याच्या धर्मवसाहतीच्या, जागी सेरांनी ओकच्या फांदीला घंटा बांधली आणि आसपास चिटपाखरू नसताना ती बडवत, या, या, असा पुकारा सुरू केला. सान दिएगोला तर पहिल्याच बाप्तिस्म्याच्या वेळी, बाळाच्या डोक्यावर पाणी पडणार एवढ्यात, मंडळींनी ते हिसकावून घेतले आणि धूम ठोकली. अशा वेळी खचू नये. सेरांनी या प्रसंगाचा दोष स्वतःच्या पापांना दिला, आणि आपणही तसेच करावे. आपल्या पापांमुळे नकार मिळाला म्हटले की समोरच्याचेही काही मत असू शकते, ही कटकट उरत नाही.

पुढे बाप्तिस्मे होऊ लागतील, तेव्हा आपण पिता व्हावे. मिशनमध्ये येणे ऐच्छिक होते, यावर कोणालाही बोट ठेवता येणार नाही. परत जाणे ऐच्छिक नव्हते, एवढेच. ओहलोनी किंवा एस्सेलेन जमातीचा माणूस बाप्तिस्म्यानंतर आपल्या गावी निघून गेला, तर तो घरी गेला असे न म्हणता तो पळाला असे म्हणावे, आणि त्याला धरून आणावे. लेकरू कितीही वयाचे असो, त्याला फटके द्यावेत. कोणी हरकत घेतलीच, तर 1780 मध्ये सेरांनी गव्हर्नर फेलिपे दे नेवे यांना लिहिलेल्या पत्राचा आधार घ्यावा. आध्यात्मिक पित्यांनी इंडियन, म्हणजे तिथल्या आदिवासी, लेकरांना मारणे ही रीत या खंडाच्या विजयाइतकीच जुनी असून संतसुद्धा तिला अपवाद दिसत नाहीत, असा त्यातला युक्तिवाद आहे. अविवाहित मुलींना रात्री वेगळ्या खोलीत कुलूपबंद करण्याची पद्धतही मिशनांमध्ये पुढे रुळली. कारण अर्थातच काळजी.

सैनिकांशी मात्र कायम भांडत राहावे. हा भाग फार महत्त्वाचा असून नवशिके येथेच चुकतात. सैनिक आदिवासी बायकांवर अत्याचार करीत, आणि सेरांनी त्याविरुद्ध मनापासून तक्रारी केल्या. 1771 मध्ये त्यांनी आपले मिशन माँटेरेच्या लष्करी ठाण्यापासून दूर, कार्मेलला हलवले, आणि 1773 मध्ये थेट मेक्सिको शहर गाठून व्हाइसरॉयपुढे 32 मुद्द्यांचे निवेदन ठेवले. सैनिकांचा सहवास नको, ही त्यांची भूमिका अगदी प्रामाणिक होती. पळालेल्या लेकरांना धरून आणायला मात्र हेच सैनिक लागत. सैनिक इतपत दूर असावेत की त्यांची पापे आपल्या अंगाला चिकटू नयेत, आणि इतपत जवळ असावेत की हाक मारताच घोड्यावर बसावेत.

रोगांच्या साथींनाही घाबरू नये. 1775 च्या एका पत्रात सेरांनी सान अँटोनियोला एकाच वेळी दोन सुग्या चालू असल्याचे कळवले आहे: एक गव्हाची, दुसरी रोगाने मरणाऱ्या मुलांची. हे वाचून ज्याला घास गिळवत नाही, त्याने या व्यवसायात पडू नये. मूल बाप्तिस्मा घेऊन मेले म्हणजे थेट स्वर्गात गेले, हा हिशोब एकदा जमला की कोणतेच वर्ष तोट्याचे जात नाही.

क्षमाही करावी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कुमेयाय लोकांनी सान दिएगो मिशन जाळले आणि फादर लुईस हाय्मे यांना ठार केले, तेव्हा दोषींना जिवे मारू नका, अशी विनवणी सेरांनी केली. हे त्यांच्या नावावर खरोखरच जमा आहे. लोकांनी मिशन का जाळले, एवढे तेवढे विचारायचे राहून गेले.

1784 मध्ये सेरा कार्मेललाच वारले. दोनच वर्षांनी फ्रेंच दर्यावर्दी ला पेरूज तेथे आला आणि त्याला ते दृश्य पाहून कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांच्या मळ्यांची आठवण झाली. पण पाहुण्यांची मते संतपदाच्या फाइलमध्ये लागत नाहीत. तेथे चमत्कार लागतात. पहिल्या चमत्कारावर 1988 मध्ये सेरा धन्य घोषित झाले, ही संतपदाच्या अलीकडची पायरी, आणि 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी दुसऱ्याची अट शिथिल करून वॉशिंग्टनमध्ये त्यांना संत केले. मिशनमध्ये राहिलेल्यांच्या कित्येक वंशजांनी आधीच निषेध नोंदवला होता, मात्र त्यांच्या सहीचा रकाना अर्जात नसतो.

राहता राहिला पुतळा. सान फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस येथील सेरांचे पुतळे जून 2020 मध्ये निदर्शकांनी खाली पाडले, तेव्हा उद्यानात किंवा चौकात उभे राहण्याचा मोह आवरावा. त्यांचा एक पुतळा 1931 पासून अमेरिकी संसदेच्या इमारतीत आहे. जागा तीच मागावी. तेथे पहारा चोवीस तास असतो.